भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील सदनिका : खरेदी, विक्री आणि भाड्याने देण्यातील कायदेशीर बाबी

सदनिका विकत घेतली असे सांगणाऱ्या गृहस्थास, ती ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन कोणाची, असा प्रश्न विचारला तर पुष्कळदा समाधानकारक उत्तर मिळत नाही. खोल्या किती, क्षेत्रफळ किती, पाणी किती वेळ येते, याची बारकाईने चौकशी केलेली असते. दर चौरस फुटाचा भाव तोंडपाठ असतो. जमिनीच्या हक्काविषयी मात्र विक्रेत्याच्या किंवा दलालाच्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. जमीन मालकी हक्काची असेल तर ही उदासीनता एखादे वेळी निभावून जाते. ती भाडेपट्ट्याची असेल, तर आयुष्यभराची पुंजी धोक्यात येऊ शकते.

महाराष्ट्राच्या शहरी जीवनात अशा सदनिकांची संख्या थोडी नाही. मुंबई, नवी मुंबई व नागपूर येथील लक्षावधी कुटुंबे भाडेपट्ट्याच्या जमिनीवर राहतात. शासकीय कर्मचाऱ्यांच्या व शिक्षकांच्या अनेक सहकारी गृहनिर्माण संस्था शासनाने दिलेल्या जमिनींवर उभ्या आहेत. शहरांच्या सीमेवरील गावांतही आता सदनिकांच्या इमारती उभ्या राहात असून, ग्रामपंचायतीच्या सदस्यांकडे याविषयी सल्ला मागितला जातो. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे समजून घेणे अगत्याचे आहे.

भाडेपट्टा म्हणजे काय ?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या दिली आहे. ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमसाठी, मोबदला घेऊन, स्थावर मालमत्तेच्या उपभोगाचा हक्क दुसऱ्याकडे देणे म्हणजे भाडेपट्टा होय. पट्टा देणाऱ्याकडे मालकी राहते आणि पट्टेदारास उपभोगाचा हक्क मिळतो. आरंभी एकरकमी दिलेल्या रकमेस अधिमूल्य म्हणतात, तर दरवर्षी द्यावयाच्या लहानशा रकमेस भुईभाडे म्हणतात.

खरेदीदाराने ध्यानात ठेवण्याचा मुख्य सिद्धांत एकच आहे. आपल्याजवळ असलेल्या हक्कापेक्षा अधिक हक्क कोणीही दुसऱ्यास देऊ शकत नाही. साठ वर्षांच्या पट्ट्यातील चाळीस वर्षे संपली असतील तर विक्रेत्याजवळ उरलेल्या वीस वर्षांचाच हक्क आहे, आणि तोही मूळ पट्ट्यात घातलेल्या अटींसह. करारनाम्यात “संपूर्ण मालकी हक्काने” असे शब्द घातले, तरी त्या शब्दांनी वीस वर्षांची शंभर वर्षे होत नाहीत.

महाराष्ट्रातील भाडेपट्ट्यांचे प्रकार

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ आल्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारणा न्यासाची स्थापना झाली. दादर-माटुंगा यांसारख्या भागांची आखणी करून या न्यासाने भूखंड दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिले. १९३३ मध्ये न्यासाचा कारभार महानगरपालिकेकडे आला आणि त्याबरोबर हे पट्टेही आले. बंदर विश्वस्त मंडळाने (आताचे मुंबई बंदर प्राधिकरण) आपल्या जमिनी पट्ट्याने दिल्या आहेत. समुद्र हटवून तयार केलेल्या काही जमिनी शासनाने पट्ट्याने दिल्या असून, त्यांचे व्यवहार जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत पाहिले जातात. म्हाडाच्या अनेक वसाहतींत इमारत संस्थेला विक्रीखताने आणि जमीन भाडेपट्ट्याने, अशी दुहेरी व्यवस्था आढळते.

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडको ही शासकीय कंपनी स्थापन झाली. तिने संपादित जमिनी विकून न टाकता ६० वर्षांच्या पट्ट्याने देण्याचे धोरण स्वीकारले. ज्यांच्या जमिनी संपादित झाल्या त्या गावकऱ्यांना १९९० पासून ‘साडेबारा टक्के’ योजनेखाली विकसित भूखंड परत देण्यात आले, तेही पट्ट्यानेच. यांतील अनेक भूखंडांवर आज इमारती उभ्या आहेत आणि तेथील व्यवहारांत सिडको, मूळ भूधारक व विकासक यांच्यातील त्रिपक्षीय करार हा महत्त्वाचा दस्त असतो. विदर्भातील शहरांतून नझूल जमिनींचे पट्टे प्रचलित असून त्यांचे मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते.

पट्टेदार कोण, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. कोठे जमिनीचा पट्टा सहकारी संस्थेच्या नावे असतो व रहिवासी तिचे सभासद असतात. कोठे पट्टा अजून विकासकाच्याच नावे असतो. कोठे प्राधिकरणानेच इमारती बांधून सदनिकाधारकांना जमिनीच्या पट्ट्यात अविभक्त हिस्सा दिलेला असतो. आपली सदनिका यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे प्रथम ठरविले पाहिजे. पुढील सर्व प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत.

मूळ पट्ट्याचे वाचन

खरेदीदारास सामान्यतः विक्रेत्याचा करारनामा, सूची क्रमांक दोनचा उतारा, संस्थेचे भागपत्र व कराची पावती एवढी कागदपत्रे दाखविली जातात. ही सर्व आवश्यक आहेत, पण पुरेशी नाहीत. जमिनीच्या मूळ पट्ट्याची प्रत मिळवून ती संपूर्ण वाचली पाहिजे. नोंदणीकृत पट्ट्याची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते, आणि संस्थेच्या दप्तरी तर ती असावयासच हवी. वाचताना पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

पहिली बाब मुदतीची. पट्टा किती वर्षांचा आहे यापेक्षा तो कोणत्या दिनांकापासून मोजावयाचा हे महत्त्वाचे आहे. पुष्कळदा आधी पट्ट्याचा करार होतो, इमारत पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष पट्टा लिहून दिला जातो, परंतु मुदत मात्र पहिल्या करारापासून चालू होते. १९८५ मध्ये आरंभ झालेला ६० वर्षांचा पट्टा २०४५ मध्ये संपेल, मग सदनिका कितीही वेळा विकली गेलेली असो. कर्ज देणाऱ्या संस्था कर्जफेडीच्या मुदतीनंतरही पट्ट्याची काही वर्षे उरतात काय, हे पाहतात. त्यामुळे उरलेली मुदत थोडी असेल तर आपणास कर्ज मिळणे कठीण जाते, आणि पुढे आपल्याकडून विकत घेणाऱ्यासही मिळत नाही.

दुसरी बाब नूतनीकरणाची. मुदत संपल्यावर पट्टा पुन्हा देण्याचे बंधन पट्टा देणाऱ्यावर आहे, की ते त्याच्या इच्छेवर सोडले आहे ? नवे भुईभाडे कोणत्या सूत्राने ठरावयाचे ? अर्ज किती दिवस आधी करावयाचा ? या प्रश्नांची उत्तरे पट्ट्याच्या शब्दांतच शोधावी लागतात.

तिसरी बाब वापराची. निवासासाठी दिलेल्या जमिनीवर दुकान, दवाखाना किंवा शिकवणी वर्ग चालविणे अटीचा भंग ठरू शकते. चौथी बाब हस्तांतरणाची, आणि हीच सर्वांत अधिक वादाचे मूळ ठरते.

पूर्वपरवानगीचा प्रश्न

अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे, विरुद्ध करार किंवा स्थानिक प्रथा नसेल तर पट्टेदारास आपला हक्क विकता येतो, गहाण टाकता येतो किंवा पोटपट्ट्याने देता येतो. म्हणजे कायद्याचा सर्वसाधारण नियम मोकळीक देणारा आहे. परंतु शासन, महानगरपालिका व प्राधिकरणे यांच्या बहुतेक पट्ट्यांत विरुद्ध करार असतोच. लेखी पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरण करू नये आणि परवानगीसाठी ठरलेले हस्तांतरण शुल्क भरावे, अशी अट त्यांत घातलेली असते. शासकीय जमिनींच्या बाबतीत अनर्जित उत्पन्नाचा हिस्सा, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या किमतीतील ठरावीक भाग, शासनास द्यावा लागण्याची तरतूद असू शकते.

ही अट मोडली तर काय होते ? कलम १११ प्रमाणे, ज्या अटीच्या भंगाबद्दल जमिनीत पुनःप्रवेश करण्याचा हक्क पट्ट्यात राखून ठेवलेला आहे ती मोडल्यास, लेखी नोटीस देऊन पट्टा संपुष्टात आणता येतो. अन्य अटींचा भंग झाल्यास तो दुरुस्त करण्यास वाजवी वेळ देणारी नोटीस आधी दिली पाहिजे, असे संरक्षण कलम ११४-क ने पट्टेदारास दिले आहे. परंतु परवानगीवाचून हस्तांतरण न करण्याची स्पष्ट अट याच कलमाने त्या संरक्षणातून वगळली आहे. भुईभाडे थकल्यास ते व्याज व खर्चासह भरून पट्टा वाचविण्याची मुभा न्यायालय कलम ११४ खाली देऊ शकते. बेकायदा हस्तांतरणाच्या बाबतीत मात्र इतका सरळ मार्ग नाही. भुईभाडे वर्षाला शंभर रुपये असो की एक रुपया, पट्ट्याच्या अटींचे वजन त्या रकमेवरून ठरत नाही.

उलट, प्रत्येक ठिकाणी परवानगी व अधिमूल्य लागतेच, असेही समजू नये. मुंबईतील कफ परेड येथील एका इमारतीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाचा निर्णय दिला. तेथे शासनाने जमीन सवलतीच्या दराने सहकारी संस्थेस दिलेली नव्हती. ती विकासकास पट्ट्याने मिळाली होती, त्याने सदनिका विकल्या आणि संस्था त्यानंतर स्थापन झाली. अशा स्थितीत, संस्थांना दिलेल्या जमिनींविषयीचे शासन निर्णय पुढे करून सदनिकेच्या हस्तांतरणावर अधिमूल्य मागता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. शेजारच्या इमारतीत काय घडते यावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे या निर्णयावरून दिसते. परवानगी लागते की नाही, हे मूळ दस्तच सांगतो.

कुलमुखत्यारपत्राचा सापळा

परवानगी व शुल्क टाळण्यासाठी एके काळी एक आडवाट रूढ झाली होती. साठेखत करावयाचे, पूर्ण रक्कम द्यावयाची, ताबा घ्यावयाचा आणि विक्रेत्याकडून न बदलता येणारे कुलमुखत्यारपत्र लिहून घ्यावयाचे. प्राधिकरणाच्या दप्तरी मूळ धारकाचेच नाव राहते आणि प्रत्यक्षात घर हस्ते परहस्ते जाते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. साठेखत, कुलमुखत्यारपत्र व मृत्युपत्र यांच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही. तसेच पट्ट्याच्या मालमत्तेचे हस्तांतरण केवळ नोंदणीकृत अभिहस्तांकन दस्तानेच होऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

समजा, एका शिक्षकाने सेवानिवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून अशी सदनिका घेतली. पहिल्या धारकाने ती दुसऱ्यास कुलमुखत्यारपत्रावर दिली होती आणि दुसऱ्याने या शिक्षकास करारनामा करून दिला. कराच्या पावत्या दुसऱ्याच्या नावे होत्या, वीजदेयकही त्याच्याच नावे होते. पुढे मुलीच्या लग्नासाठी घर गहाण ठेवावयाची वेळ आली तेव्हा बँकेने प्राधिकरणाचे ना-हरकत पत्र मागितले. दप्तरात पहिल्याच धारकाचे नाव निघाले. तो तर वारला होता. कुलमुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूने सामान्यतः त्या पत्राचा अंमल संपतो. आता त्याचे पाच वारस शोधावयाचे, त्यांच्या सह्या मिळवावयाच्या आणि दोन हस्तांतरणांचे शुल्क भरावयाचे, असा प्रसंग त्या शिक्षकावर ओढवेल. वारसांपैकी एकाने जरी हात आखडता घेतला तरी प्रकरण न्यायालयात जाईल. यात कोणीही उघड लबाडी केलेली नाही, तरीही भार पडतो तो शेवटच्या खरेदीदारावर. विसार देण्यापूर्वी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन दप्तरी नाव कोणाचे आहे, एवढे विचारले असते तर हा प्रसंग टळला असता.

खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता

विसार देण्यापूर्वी चार ठिकाणी चौकशी करावी. पहिली पट्टा देणाऱ्याच्या कार्यालयात : दप्तरी नाव, थकबाकी, अटीभंगाची नोटीस आणि परवानगीची पद्धत. दुसरी नगर भूमापन कार्यालयात : मिळकत पत्रिकेवर जमिनीचा सत्ताप्रकार व धारक कोण आहे हे दिसते. तिसरी दुय्यम निबंधक कार्यालयात : वकिलामार्फत मागील किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा, म्हणजे हस्तांतरणांची साखळी व बोजे कळतात. चौथी संस्थेकडे : जमिनीचा पट्टा संस्थेच्या नावे झाला आहे काय, भुईभाडे नियमित भरले जाते काय आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय.

पट्टा विकासकाच्याच नावे राहिला असेल तर आणखी एक पायरी उरते. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या १९६३ च्या अधिनियमाप्रमाणे विकासकाने जमिनीतील आपला हक्क संस्थेस द्यावयाचा असतो. तो टाळाटाळ करीत असेल तर २००८ मध्ये अमलात आलेल्या सुधारणेने सक्षम प्राधिकाऱ्याकडून मानीव अभिहस्तांतरण मिळविण्याची सोय झाली आहे. मात्र विकासकाजवळ केवळ पट्टा असेल तर संस्थेस पट्टाच मिळेल. नव्या प्रकल्पातील खरेदीदारांना स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे संरक्षण आहे, कारण या अधिनियमात मालकी हक्काने व पट्ट्याने घेणारे असे दोन्ही खरेदीदार येतात. ९९९ वर्षांच्या पट्ट्याने सदनिका देणारा प्रवर्तक ‘ही विक्री नव्हे’ असे म्हणून जबाबदारी टाळू शकत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे.

दस्तावर मुद्रांक शुल्क भरताना करारातील किंमत व वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य यांपैकी अधिक असेल ते विचारात घेतले जाते. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीसाठी सादर केला पाहिजे. अपरिहार्य कारणाने उशीर झाल्यास आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून तो स्वीकारला जाऊ शकतो. किंमत ५० लाख रुपये किंवा अधिक असेल आणि विक्रेता भारतातील निवासी असेल, तर खरेदीदाराने १ टक्का प्राप्तिकर कापून शासनाकडे भरावयाचा असतो. दस्त नोंदला गेला म्हणजे हक्क निर्दोष ठरला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. नोंदणीने दस्ताची नोंद होते. विक्रेत्याजवळ जो हक्क नव्हता तो नोंदणीने निर्माण होत नाही.

विक्रेत्याची कर्तव्ये

मालमत्तेतील व हक्कातील जे दोष खरेदीदारास सामान्य दक्षतेने कळणार नाहीत आणि विक्रेत्यास ठाऊक आहेत, ते उघड करण्याचे बंधन कलम ५५ ने विक्रेत्यावर घातले आहे. पट्ट्याची उरलेली मुदत, आलेल्या नोटिसा व थकबाकी लपवून केलेला व्यवहार पुढे अंगाशी येतो. शिवाय केवळ हस्तांतरण केल्याने पट्टेदार आपल्या जबाबदारीतून सुटत नाही, असेही कलम १०८ सांगते. म्हणून परवानगीच्या पत्रात खरेदीदाराचे नाव लागल्याची खात्री करून घेणे विक्रेत्याच्याही हिताचे आहे. परवानगी मिळण्यास वेळ लागतो. तो हिशेबात धरून करारात ताबा देण्याची मुदत घालावी आणि हस्तांतरण शुल्क कोणी भरावयाचे हे स्पष्ट लिहावे.

संस्थेची भूमिका वेगळी आहे. आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या हस्तांतरणास संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक नाही. पूर्वसूचना व विहित अर्ज पुरेसा असतो. संस्थेस घेता येणाऱ्या हस्तांतरण अधिमूल्यावर शासनाने २००१ मध्ये कमाल मर्यादा घातली असून ती महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये व ग्रामपंचायत क्षेत्रात ५,००० रुपये अशी आहे. संस्थेचे हे अधिमूल्य आणि जमिनीचा पट्टा देणाऱ्याचे हस्तांतरण शुल्क या दोन निराळ्या बाबी होत. एक भरले म्हणून दुसरे चुकत नाही.

सभासद मृत्यू पावल्यास पट्ट्याचा हक्क वारसांकडे जातो. नामनिर्देशनामुळे नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. वारसांच्या वतीने ती हक्क सांभाळते. वारसांनी संस्थेबरोबरच पट्टा देणाऱ्याच्या दप्तरीही नोंद करून घ्यावी. वर सांगितलेल्या शिक्षकासारखी अडचण बहुधा याच दिरंगाईतून उद्भवते.

सदनिका भाड्याने देताना

सदनिका भाड्याने देण्यापूर्वी मूळ पट्ट्यात पोटभाड्याविषयी अट आहे काय हे पाहावे. सदनिका गहाण असेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेची संमती लागते काय, हेही तपासावे. त्यानंतर कराराचा प्रश्न येतो.

अकरा महिन्यांचा करार केला म्हणजे नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजली आहे. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने तिला आधार ठेवलेला नाही. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स करार असो, तो लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. कसूर केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहून मोठी हानी पुराव्याची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याविषयी, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

नोंदणीकृत परवाना-करार असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो. मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याकडून परवाना शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई वसूल करण्याची तरतूद त्यात आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये राहणाऱ्यास जागेत हितसंबंध मिळत नाही, केवळ वापराची परवानगी मिळते. भाडेकरू आणि परवानाधारक यांतील भेद हाच आहे.

आदर्श उपविधींनुसार सदनिका भाड्याने देण्यास संस्थेच्या परवानगीची आवश्यकता नाही, परंतु कराराची प्रत संस्थेस द्यावी लागते आणि पोलीस ठाण्यास कळवावे लागते. सभासद स्वतः राहात नसल्याबद्दल संस्थेने घ्यावयाचे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादा शासनाने २००१ मध्येच घातली आहे. पट्टा संस्थेच्या नावे असेल तर एका सभासदाने केलेल्या अटीभंगाची नोटीस संस्थेस येते आणि तिचा ताप सर्व शेजाऱ्यांना होतो, हे भाड्याने देणाऱ्याने विसरू नये.

मुदत संपल्यानंतर

पट्टा संपल्यावर इमारतीचे काय होणार, हा प्रश्न पुढे पुढे ढकलला जातो. भारतीय कायद्यात जमीन एकाची व तीवरील इमारत दुसऱ्याची असू शकते. परंतु मुदतीअखेर इमारत कोणाकडे जावी हे पट्ट्याच्या शब्दांनी ठरते. मुदत संपल्यावर पट्टा देणाऱ्याने भाडे स्वीकारले किंवा ताबा चालू ठेवण्यास अन्य रीतीने संमती दिली, तर विरुद्ध करार नसताना निवासी जागेचा पट्टा कलम ११६ प्रमाणे दरमहा चालणारा समजला जातो. असा पट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येतो. शंभर वर्षांचा आधार एका महिन्यावर येऊन ठेपतो, याचा विचार संस्थांनी वेळीच करावा.

शासकीय जमिनींसाठी एक मार्ग उपलब्ध आहे. भोगवटादार वर्ग-दोनच्या व भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनींचे भोगवटादार वर्ग-एकमध्ये रूपांतर करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये नियम केले. त्यानुसार ठरलेले अधिमूल्य भरून रूपांतर करून घेता येते. अधिमूल्याच्या दरांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रचलित दर व पात्रता जिल्हाधिकारी कार्यालयातून जाणून घ्यावी. महानगरपालिका व प्राधिकरणे यांची नूतनीकरणाची व मुदतवाढीची धोरणे स्वतंत्र आहेत. संस्थेने सर्वसाधारण सभेत हा विषय ठेवून पट्ट्याची प्रत, भुईभाड्याच्या पावत्या व सभासदांची हस्तांतरणे एकत्र करून ठेवली, तर मुदतवाढीच्या वेळी धावपळ होणार नाही. ज्या संस्थेत परवानगीवाचून झालेली हस्तांतरणे असतील तिने ती आधीच नियमित करून घेणे श्रेयस्कर आहे.

जबाबदारीचे वाटप

या व्यवहारांत सामान्य माणूस बहुधा आयुष्यात एकदाच उतरतो. त्याला अनुभव नसतो, आणि चूक झाली तर ती सुधारण्यास दुसरी पुंजी नसते. म्हणूनच ज्यांच्याकडे लोक विश्वासाने विचारावयास येतात त्यांचे कर्तव्य मोठे आहे. कार्यालयातील अधिकाऱ्याने परवानगीची पद्धत, लागणारी कागदपत्रे व शुल्क ठळकपणे फलकावर लावले आणि अर्ज वेळेत निकालात काढले, तर आडवाटेने जाण्याचे कारणच उरणार नाही. शिक्षकाने विसार देण्यापूर्वी मूळ पट्टा मागण्याची सवय सहकाऱ्यांना लावावी. ग्रामपंचायत सदस्याने शहरालगतच्या गावात सदनिका घेणाऱ्यास जमिनीचा सत्ताप्रकार पाहण्याचा सल्ला द्यावा, आणि साडेबारा टक्के योजनेतील भूखंड विकासकास देणाऱ्या गावकऱ्यासही त्रिपक्षीय करार वाचूनच सही करण्यास सांगावे.

पट्ट्याची जमीन वाईट आणि मालकीची चांगली, असे मुळीच नाही. नियोजनबद्ध वसाहती, रुंद रस्ते व मोकळी मैदाने यांपैकी पुष्कळ गोष्टी शासनाने व प्राधिकरणांनी जमिनीवरील आपला हक्क राखून ठेवल्यामुळे टिकल्या. त्या व्यवस्थेत घर घेणाऱ्याने आपण किती वर्षांसाठी व कोणत्या अटींवर घेत आहोत हे जाणून घ्यावे, परवानगी आधी मिळवावी आणि पैसे नंतर द्यावे. हा क्रम पाळणाऱ्यास पट्ट्याच्या जमिनीवरील घरातही निर्वेधपणे राहता येते.